‘ओडिसी’चे पुनर्कथन आणि जात्यावरची बाई

अमेरिकेतील शाळांतून नववीच्या वर्गाला होमरचे ‘ओडिसी’ नेमण्याची प्रथा जुनी आहे. २०१० साली तेथील अनेक राज्यांसाठी जे समान शैक्षणिक निकष तयार झाले, त्यांच्या परिशिष्टातही नववी-दहावीच्या नमुना-पुस्तकांत या महाकाव्याचे नाव आहे. काव्य शिकवून झाले की मुलांना एखादा सर्जनशील प्रकल्प करायला सांगतात. ओडिसियसची रोजनिशी लिहा. इथाकाचे वर्तमानपत्र काढा. त्याच्या प्रवासाचा नकाशा करा, पटावरचा खेळ करा, चित्रकथा काढा, रॅप रचा, नाहीतर सगळी कथाच आजच्या काळात आणून सांगा. मुले रंगून जातात, वर्गाच्या भिंती सजतात. सुमारे सत्तावीसशे वर्षांपूर्वीचे काव्य आजच्या पोरांनी आपलेसे केले याचे समाधान शिक्षकाला मिळते.

सातासमुद्रापलीकडचे हे शालेय प्रकरण आपण का तपासायचे, असे कोणी विचारील. पुनर्कथन हे आपल्या चळवळीचे जुने हत्यार आहे, हे त्याचे उत्तर. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा दशावताराची कथाच उलटी फिरवून सांगितली. वामनाच्या जागेवरून पाहिलेली कथा त्यांनी बळीच्या जागेवरून पाहिली आणि सारा अर्थ बदलला. ते पुस्तक त्यांनी अर्पण केले ते काळ्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. पुढे शंबूक आणि एकलव्य दलित कवितेत आले ते याच वाटेने. तेव्हा कथा पुन्हा सांगणे म्हणजे काय, ती कोणाच्या जागेवर बसून सांगायची, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे. शिवाय आपल्यातले पुष्कळजण शिक्षक आहेत आणि असले प्रकल्प आता आपल्याकडच्या शाळांतूनही नेमले जातात.

आधी ‘रोजनिशी’ घेऊ. रोजनिशी नायकाची लिहायची असे शिक्षकाने सांगितले की मुलाची बसण्याची जागा ठरून गेली. तो ओडिसियसच्या डोळ्यांनी समुद्र पाहणार. ट्रॉय सोडल्यानंतरचा ओडिसियसचा पहिला मुक्काम इस्मारस. तेथे सिकोनी लोक राहतात. ओडिसियस स्वतःच्या तोंडाने सांगतो की आम्ही ते नगर लुटले, पुरुष मारले, त्यांच्या बायका आणि धन घेऊन आपसांत वाटून घेतले, कोणाला वाटा कमी पडू दिला नाही. वाटपातला हा प्रामाणिकपणा तो अभिमानाने सांगतो. त्या बायकांचे पुढे काय झाले? बारा गलबतांपैकी कोणत्या गलबतावर त्या होत्या? होमर पुन्हा त्यांचे नाव काढत नाही. मुलांच्या नकाशावर इस्मारस हा पहिला ठिपका असतो, पटावरच्या खेळात पहिले घर असते, आणि फासा टाकून पुढे जायचे असते.

खेळाचे तर विचारूच नका. सिला नावाची राक्षसीण सहा खलाशी उचलून खाते. ते सहाजण हात पसरून ओडिसियसला नावाने हाका मारत वर ओढले जातात, हे होमरने फार हृदयद्रावक सांगितले आहे. खेळात त्याचे ‘सहा माणसे वजा’ होते. सगळा तांडा वाटेत मरतो, घरी पोचतो तो एकटा राजा. मुलाने हा हिशेब खेळात बरोबर मांडलेला असतो, कारण काव्याचाही हिशेब तसाच आहे. मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. जी चौकट त्याच्या हातात दिली तीच त्याने रंगवली.

ही चौकट आली कोठून? जोसेफ कॅम्पबेल या अमेरिकन लेखकाने १९४९ साली सहस्रमुखी नायकावर एक ग्रंथ लिहिला. जगातल्या सगळ्या पुराणकथा म्हणजे एकाच नायकाचा एकच प्रवास: घर सोडणे, कसोटीला उतरणे, फळ घेऊन परत येणे. पुढे चित्रपटवाल्यांनी हे सूत्र उचलले आणि तेथून ते शाळेच्या तक्त्यावर एका वर्तुळाच्या आकृतीत येऊन बसले. आज मूल ‘ओडिसी’ वाचण्याआधीच ते वर्तुळ पाठ करते. या वर्तुळात नायक आहे, गुरू आहे, मदतनीस आहे, मोहिनी आहे. दळणारी बाई कोठे बसवायची याला त्यात जागाच नाही. जगातल्या सर्व माणसांची गोष्ट एकच आहे, असे कोणी फार प्रेमाने सांगू लागला की ती कोणाची गोष्ट आहे हे आपण विचारावे.

कारण ‘ओडिसी’त दळणारी बाई आहे. विसावा सर्ग काढून पाहा. ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात स्वतःच्याच वाड्यात पोचला आहे. पेनेलोपीला मागणी घालायला आलेले एकशे आठ सरदार त्या वाड्यात खाऊन-पिऊन माजले आहेत. त्यांच्या भाकरीसाठी बारा बाया रात्रभर दळतात. अकराजणींचे दळण संपले, त्या झोपल्या. एक उरली, सगळ्यांत अशक्त, तिचे संपलेले नाही. पहाटे आभाळ निरभ्र असताना गडगडाट होतो. ती जाते थांबवते आणि देवाला म्हणते की या लोकांचे आजचे जेवण शेवटचे ठरो, यांच्या पिठापायी माझे गुडघे गेले. ओडिसियस ते ऐकतो आणि खूश होतो. त्याला शकुन मिळाला! बाईचे गुडघे हा त्याचा विषय नाही. एकशे आठ खाणारे मेले म्हणून जाते थांबत नाही, मालक बदलला की दळण मालकाचे. तिला नाव नाही. त्या पहाटेनंतर ती काव्यात पुन्हा दिसत नाही.

मराठी वाचकाला ही बाई परकी वाटू नये. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन हेमा राईरकर आणि गी पॉयतवॅं यांनी खेड्यापाड्यांतून केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. म्हणजे जात्यावरची बाई बोलते, राजाला शकुन देण्यापलीकडचे पुष्कळ बोलते. होमरने तिला एक प्रार्थना दिली. इथाकाच्या त्या बारा जाती रात्रभर काय गात असतील, असा प्रश्न नववीच्या मुलाला घातला तर वहीत काय उतरेल? असा प्रश्न सहसा घातला जात नाही.

आता बाविसावा सर्ग. याविषयी जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण शाळेसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्त्या येथे हात आखडता घेतात. सरदारांची कत्तल झाल्यावर म्हाताऱ्या दाईला, युरिक्लियाला, बोलावून ओडिसियस विचारतो की घरातल्या बायांपैकी कोण बेइमान झाल्या. ती सांगते, पन्नास दासी आहेत, त्यांतल्या बारा. मग त्या बाराजणींना प्रेते उचलायला लावतात, रक्ताने माखलेली आसने आणि मेजे धुवायला लावतात. काम संपले की त्यांना अंगणात कोंडतात. ओडिसियसने तलवारीने मारा म्हटले होते. त्याचा मुलगा टेलेमॅकस म्हणतो, यांना इतके स्वच्छ मरण नको. तो गलबताचा दोर बांधतो आणि बाराजणींना ओळीने फासावर चढवतो. कवी सांगतो, त्या जाळ्यात सापडलेल्या पाखरांसारख्या दिसल्या. त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही.

त्यांचा गुन्हा काय? त्या सरदारांबरोबर निजल्या. पण याच सर्गाच्या सुरुवातीला, धनुष्य हातात घेऊन उभा असलेला ओडिसियस सरदारांवर जे आरोप ठेवतो, त्यांत एक असा आहे की तुम्ही माझ्या दासींवर बळजबरी केलीत. बळजबरी हा शब्द मूळ ग्रीकमध्ये आहे. पाहुणे बायांना वाड्यातून फरफटत नेतात हे आधीच्या सर्गांतही आले आहे. एकाच सर्गात, काही शे ओळींच्या अंतराने, बळजबरी करणाऱ्यांना बळजबरीची शिक्षा होते आणि जिच्यावर बळजबरी झाली तिला बदफैलीची! मालकाच्या दृष्टीने यात विसंगती नाही. दासी ही त्याची मालमत्ता, दुसऱ्याने वापरली तर दोघेही गुन्हेगार. होमरने हे झाकलेले नाही. झाकले ते नंतरच्यांनी. टेलेमॅकसच्या त्या भाषणात मूळ ग्रीकमध्ये या बायांना शिवी नाही. पण एकाहून एक नामवंत इंग्रजी भाषांतरकारांनी तेथे शिव्या घातल्या, आणि इतरत्र ‘गुलाम’ या अर्थाच्या शब्दाला ‘मोलकरीण’, ‘दासी’ अशी गोंडस रूपे दिली. २०१७ साली एमिली विल्सन या विदुषीने समग्र ‘ओडिसी’ इंग्रजीत आणले. एका स्त्रीने केलेले ते पहिले प्रकाशित समग्र इंग्रजी भाषांतर. तिने गुलामाला गुलाम म्हटले आणि त्या बायांच्या तोंडावर फेकलेली उसनी शिवी काढून टाकली. शिवी वाचून मोठ्या झालेल्या मुलाने त्या बाराजणींची बाजू कशी मांडावी?

मारून झाल्यावर चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची ही रीत आपल्याला पुस्तकातून शिकावी लागली नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, त्यात माय-लेकी होत्या. सुरुवातीच्या बातम्यांनी अनैतिक संबंधांचा सूर लावला. म्हणून ‘इथाकाचे वर्तमानपत्र काढा’ हा प्रकल्प मला सगळ्यांत उपयोगाचा वाटतो, नीट करून घेतला तर. मुले मोठ्या ठळक मथळ्यात राजाचे पुनरागमन छापतात. बारा बायांची बातमी कोणत्या पानावर, किती ओळींची, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, एवढेच शिक्षकाने विचारावे. वर्तमानपत्र कसे बनते हे मुलाला एका तासात समजेल.

आधुनिक पेहरावातल्या पुनर्कथनांविषयी माझे मत थोडे कठोर आहे. ओडिसियसला युद्धावरून परतणारा सैनिक करण्याची पद्धत रूढ आहे. जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञाने व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना ‘ओडिसी’ कसे कळत गेले, यावर २००२ साली पुस्तक लिहिले. त्यातले दुःख खरे आहे. घरी येऊनही घरी न पोचलेला माणूस हे चित्र कोणालाही हलवील. पण व्हिएतनाममधले खेडे म्हणजेच इस्मारस, हे मुलाच्या गोष्टीत उमटत नसेल तर गलबताचे विमान झाले, बाकी जिथल्या तिथे राहिले. कपडे बदलल्याने बसण्याची जागा बदलत नाही.

एका प्रसंगाची गंमत सांगतो. मुलांना सर्वांत आवडतो तो एकाक्ष राक्षस पॉलिफेमस. त्याला ओडिसियस आपले नाव ‘कोणी नाही’ असे सांगतो, आणि राक्षस ‘मला कोणी नाही मारतो आहे’ म्हणून ओरडत बसतो. नाव लपवून जीव वाचवणे ही येथे चतुराई ठरते. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतही माणूस ओळख लपवतो. हा कथासंग्रह १९६३ चा. पण गलबत जरा दूर गेले की ओडिसियसला राहवत नाही, तो ओरडून आपले नाव, बापाचे नाव, गाव सगळे सांगतो. त्या बढाईची किंमत त्याचे खलाशी मोजतात. बागुलांच्या माणसाची ओळख उघडी पडते तेव्हा मार त्याच्याच पाठीवर पडतो. एकाला नाव सांगण्याची हौस, दुसऱ्याला नाव विचारले जाण्याची धास्ती. ओडिसियसचे ‘कोणी नाही’ हे सोंग आहे. खरोखरच कोणी नसलेले त्याच्याच गलबतावर वल्ही मारताहेत. एल्पेनॉर नावाचा पोरगा सर्सीच्या घराच्या छपरावरून पडून मरतो आणि घाईत त्याला विसरून सगळे पुढे निघून जातात. ‘कोणी नाही’ची रोजनिशी लिहायची तर ती त्याची.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. इथाकाचा गुलाम म्हणजे आपला अस्पृश्य, असे सोपे समीकरण मांडण्याचा मोह आपल्याला होतो. ते चूक आहे. बाबासाहेबांनी रोमन गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून हा फरक फार स्पष्ट केला आहे. डुकरे राखणारा युमेयस मुळात एका बेटाच्या राजाचा मुलगा. चाच्यांनी पळवून विकला म्हणून गुलाम झाला. गुलामीचा दिवस कोणावरही येऊ शकतो, हे होमरच्या जगातले भय आहे. ते जन्माला चिकटलेले नाही. युमेयसच्या खोपटात राजा त्याच्या हातचे जेवतो, त्याने अंथरलेल्या कातड्यावर निजतो. एकोणिसाव्या सर्गात युरिक्लिया भिकाऱ्याचे पाय धुते, आणि तिच्या तळव्याला मांडीवरचा जुना व्रण लागतो. सगळ्या वाड्यात राजाला पहिल्यांदा ओळखतो तो एका विकत घेतलेल्या बाईचा स्पर्श. वीस बैलांच्या किमतीला घेतलेली ही बाई. जिथे स्पर्शच निषिद्ध, तिथे हा प्रसंग लिहिताच आला नसता. अर्थात ओळख पटताच ओडिसियस तिचा गळा धरतो आणि बोललीस तर इतरांबरोबर तुलाही ठार करीन म्हणतो, हेही त्याच पानावर आहे. तुलना करावी, पण दोन्ही गोष्टी पूर्ण वाचून.

अमेरिकेतल्या काळ्या लेखकांनी आणि कलावंतांनी हे काव्य कसे हाताळले ते पाहिले म्हणजे शाळकरी प्रकल्पांचे तोकडेपण ध्यानात येते. फिलिस व्हीटली ही बॉस्टनमधली गुलाम मुलगी. १७७३ साली तिचा कवितासंग्रह निघाला, त्यात होमरचे नाव आहे. विल्यम सँडर्स स्कारबरो १८५२ साली जॉर्जियात गुलाम म्हणून जन्मला, चोरून वाचायला शिकला आणि १८८१ साली त्याने ग्रीक शिकवण्याचे पाठ्यपुस्तक छापले. ग्रीक व्याकरण जाणणारा काळा माणूस दाखवा मग त्याला माणूस मानीन, अशी एका बड्या राजकारण्याची फुशारकी सांगितली जाते, त्या पार्श्वभूमीवर हे पुस्तक पाहावे. ज्यांना शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, त्या बाबासाहेबांच्या अनुयायांना या पुस्तकाचे मोल वेगळे सांगायला नको. रोमेर बेअर्डनने १९७७ साली कागद कातरून-चिकटवून ‘ओडिसी’ची चित्रमालिका केली आणि त्यातली सगळी माणसे काळी केली. आणि कॅरिबियन कवी डेरेक वॉलकॉट. त्याचे ‘ओमेरोस’ १९९० चे. त्यात राजे नाहीतच. सेंट लुशिया बेटावरचे कोळी अकिल आणि हेक्टर, धुणीभांडी करणारी हेलन. मालकांनी गुलामांना ग्रीक नावे ठेवायची पद्धत होती, वॉलकॉटने तीच नावे घेऊन सारे काव्य कोळ्यांच्या होडीत आणून ठेवले. यातला अकिल आपल्या प्रवासात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, पूर्वजांपाशी पोचतो. घरी परतणे म्हणजे नेमके कोठे परतणे, हा प्रश्न येथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने पडतो.

मार्गारेट अॅटवुडचे ‘पेनेलोपियाड’ २००५ सालचे. शिक्षक हल्ली मोठ्या उत्साहाने ते सुचवतात. फाशी गेलेल्या बाराजणी त्यात समूहाने गातात, ओडिसियसवर खटला भरतात. पुस्तक चांगले आहे. तरी मुख्य निवेदन मालकिणीचेच आहे. दासी बोलतात त्या मध्ये-मध्ये, कोरससारख्या. मालकिणीची व्यथा हा पाठ, आणि दासींची व्यथा हा त्यावरचा टाळ. स्त्रीमुक्तीच्या चर्चेत दलित बाईला जे स्थान मिळत आले, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

आणखी एका धोक्याची नोंद केली पाहिजे. हुशार मुले आता गुलामाच्या बाजूने लिहू लागली आहेत, पण निवडतात कोण? युमेयस. तो इमानी आहे, धन्यासाठी रडतो, धन्याची डुकरे मोजून ठेवतो. होमरही त्याच्यावर इतका खूश आहे की मध्येच त्याला ‘तू’ म्हणून हाक मारतो. या इमानी नोकराच्या तोंडी दोन दुःखाची वाक्ये घातली की सहानुभूतीही दिसते आणि राजाच्या आसनालाही धक्का लागत नाही. युमेयसने स्वतःच्या कमाईतून एक गुलाम विकत घेतला आहे, मेसॉलियस त्याचे नाव, तो भाकरी वाढतो. श्रेणीबद्ध विषमता समजावून सांगायला यापेक्षा सोपे उदाहरण मिळणार नाही. या मेसॉलियसविषयी कोणी लिहील काय?

आपल्या वर्गात ‘ओडिसी’ शिकवण्याची वेळ आलीच तर विसावा आणि बाविसावा सर्ग गाळू नयेत. मुलांना गोष्ट लिहायला सांगायची असेल तर शेवटच्या, चोविसाव्या सर्गातली एक जागा माझ्या मनात आहे. ओडिसियस बापाच्या मळ्यावर जातो. तेथे डोलियस नावाचा म्हातारा गुलाम आपल्या सहा मुलांसह कामावरून येतो, धन्याला ओळखतो, धावत जाऊन त्याच्या मनगटाचे चुंबन घेतो, पेनेलोपीला खबर दिली का विचारतो. मग सगळे जेवायला बसतात. पुढे सरदारांचे नातेवाईक सूड घ्यायला येतात तेव्हा हा म्हातारा पांढऱ्या केसांनिशी धन्याच्या बाजूने शस्त्र धरतो. मागच्या सर्गांत ज्याचे नाक-कान कापून, हातपाय तोडून मारले तो मेलँथियस, आणि बहुधा त्या दोरावर लटकलेली मेलँथो, ही डोलियसचीच मुले म्हणून काव्यात सांगितली आहेत. हा डोलियस तोच की त्या नावाचा दुसरा, यावर विद्वानांत वाद आहे. तोच असेल तर जेवताना त्याला ते माहीत होते का? ज्या हाताचे त्याने चुंबन घेतले तो धुतलेला होता का? होमर त्याला भाकर वाढतो आणि पुढे जातो.